पाहुण्याला पाणी नाही

पाणी पिण्याजोगं नाही म्हणून हातपंपाला लाल रंग फासून, सरकारी साहेबहो, तुम्ही गेलात, आणि अख्खा तांडा त्याच पाण्यावर सोडून दिलात. गुन्हा तुमचा आहे. फिल्टरची टाकी बसवली, फोटो काढले. आज त्या टाकीत मधमाश्या राहतात.

पांढरकवड्याकडच्या त्या तांड्यावर परवा आरोग्य शिबिर झालं. बसंतीबाई लेकीला, खुशीला, खांद्याचा आधार देत घेऊन आली. पोलीस भरतीसाठी पोरगी पहाटे पळायची. आता गुडघे सुजून टम्म, आणि भरती तोंडावर.

डॉक्टर गोड बोलले. "पाण्यातलं फ्लोराईड हाडात मुरतं, मावशी. पेशींवर ऑक्सिडेटिव्ह ताण येतो. आतून गंज चढतो म्हणा ना! गंजानं सूज येते, सुजेनं गंज वाढतो. या विटामिन सीच्या गोळ्या द्या. आवळा खाऊ घाला."

"गंज खरवडाले गोळ्या देता, अन् गंज चढवनारं पानी चालूच ठेवता?" बसंतीबाईनं विचारलं.

"पाण्याचं खातं वेगळं."

"पोरीचे गुडघे तं एकाच खात्यात हायेत ना, साहेब!"

मांडवात हशा पिकला. डॉक्टरही हसले. उन्हानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, बाटली रिकामी झाली होती. "जरा पाणी मिळेल का?"

तांड्यावर आलेला माणूस पाण्यावाचून जात नाही. तांड्याचा मुखिया, म्हातारा नायक खेमसिंग उठला, पंप हापसला, तांब्या भरून आणला. बसंतीबाईनं तो मधेच हिसकावला आणि मातीत ओतला.

"याडी!" आईला हाक मारत खुशी शरमेनं लाल झाली.

"येडी झाली काय वो?" खेमसिंग ओरडला. "पाहुन्याले पानी नाही म्हनते?"

जन्मात बसंतीबाईनं कुणाला तहानलेलं पाठवलं नव्हतं. तरी तांब्या सोडला नाही.

"पाहुना हाय म्हनूनच नाही देत."

"अहो, एका घोटानं काही होत नाही," डॉक्टर म्हणाले.

"मंग पंपाले लाल रंग कायले मारला?"

डॉक्टरांनी गाडीकडे पाहिलं. बसंतीबाई तडक जाऊन गाडीच्या पुढच्या चाकाला पाठ लावून बसली आणि गोळ्यांची पट्टी त्यांच्यापुढे धरली.

"ही गोळी कोन्या पान्यासंग देऊ पोरीले? फोन लावा तुमच्या मोठ्या साहेबाले, अन् विचारा. उत्तर भेटल्याबिगर मी उठत नाही. बोला, कोन्या पान्यासंग?"