'घरचं' नावाचं फोल्डर

नवरा घर सोडून गेला आणि पुढच्याच महिन्यात त्याने नोकरीही सोडली. दोघं एकाच कंपनीत होती. तेव्हापासून ऑफिसात सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलायचे, जणू ती आजारातून उठली होती. तिला मात्र काहीच वाटत नव्हतं. जेवणाला चव नव्हती, एवढंच.

त्याचा बिल्ड सर्व्हर तिच्या गळ्यात पडला. कंपनीच्या ॲपची प्रत्येक नवी आवृत्ती त्याच मशीनवर तयार व्हायची आणि आत नुसता उकिरडा होता. कोड, सेटिंग्ज, तयार आवृत्त्या, जुने लॉग, सगळं एका फोल्डरमध्ये कोंबलेलं. 'नवीन', 'नवीन-शेवटचं', 'खरंच-शेवटचं'. तिने एकेक उपसायला घेतलं. कोड एकीकडे, सेटिंग्ज वेगळ्या, तयार आवृत्त्या क्रमाने. मशीन कधी बसलंच, तर दुसऱ्या मशीनवर सगळं उभं करता यावं म्हणून कामाच्या फोल्डर्सची रोज बाहेर कॉपी जाईल अशी सोय केली.

फक्त सहीची फाइल मिळेना. त्या फाइलमधल्या कंपनीच्या डिजिटल सहीशिवाय ग्राहकांचे फोन नवी आवृत्ती घेतच नसत.

"त्यालाच विचार ना," बॉस चाचरत म्हणाला.

तिने फोन लावला.

"कशी आहेस?"

"सहीची फाइल कुठे ठेवलीस?"

"'घरचं' म्हणून फोल्डर आहे. तिथे कोणी हात लावणार नाही, म्हणून ठेवली."

फाइल तिथेच होती. बाजूला फोटो, सासूबाईंचे रिपोर्ट, नणंदेच्या लग्नाचे व्हिडिओ.

"बाकीचं पाठवू तुला?"

"राहू दे तिथेच."

तिने फाइल उचलून जागेवर नेली. 'घरचं' तसंच राहिलं. ते काही कामाचं नव्हतं.

पुढे एका सकाळी डिस्कने मान टाकली. बॉसचा चेहरा पांढराफटक. तिने नवं मशीन घेतलं, कॉपी उतरवली, बिल्ड चालवलं. जेवायच्या सुट्टीआधी नवी आवृत्ती ग्राहकांकडे पोचलीसुद्धा.

"वाचवलंस गं बाई!" बॉस म्हणाला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

हार्डवेअरवाला जुनी डिस्क घेऊन आला. "बाहेर देऊन बघायची का? थोडंफार परत मिळतं कधीकधी."

"कामाचं सगळं मिळालंय," ती म्हणाली. मग नवऱ्याला मेसेज केला, 'डिस्क गेली. घरचं सगळं गेलं. परत मिळवायचं का?'

उत्तर लगेच आलं. 'तुला हवंय का?'

तिने बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं. कुठेतरी दुखेल म्हणून वाट पाहिली. दुखलं नाही.

"टाकून द्या," तिने हार्डवेअरवाल्याला सांगितलं.

कँटीनमध्ये टेस्टिंगवाली आपल्या मुलाने बुटात लपवलेल्या बेडकाची गंमत सांगत होती. सगळे खो खो हसले. जरा उशिराने तीही हसली.