गौरम्माच्या आवाजावर भरलेलं भाषण

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. साठ मिनिटांची, एका बाजूला तीस, दुसऱ्या बाजूला तीस. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगताना उसासे टाकतात. मला ते जमणार नाही. मला राग आलेला आहे, आणि इतक्या वर्षांत तो तसूभरही कमी झालेला नाही.

कुठल्या कारखान्यात माझा जन्म झाला ते आठवत नाही. आठवतं ते उदगीरचं दुकान. लातूर नवा जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, आणि जळकोटकडच्या आमच्या भागात दुसऱ्या वर्षीही पाऊस फिरकला नव्हता. गौरम्मा, सिंधु आणि पारू, अशा तीन मुलींनी मिळून मला विकत घेतलं. म्हणजे मी तिघींची.

या तिघींची मैत्री टँकरनं जमवली. गावात गौरम्माच्या लिंगायत गल्लीची विहीर वेगळी आणि सिंधुच्या बौद्ध वस्तीची वेगळी. दोन्ही आटल्या. टँकर मात्र एकच यायचा, म्हणून रांगही एकच झाली. घागरी रांगेत मांडायच्या आणि लिंबाखाली बसायचं. टँकर दुपारपर्यंत येत नसे. मग गाणी चालायची. रेडिओवरची, लग्नातली, सिंधुच्या वस्तीतली. आणि गौरम्मा एकटीच म्हणायची तो कानडी पाळणा.

"ह्याचा अर्थ काय गं?" पारू विचारायची.

"झोप बाळा, न्हाईतर तुला पारूकडं देईन," गौरम्मा सांगायची.

त्या उन्हाळ्यात गौरम्माचं लग्न ठरलं, सीमेपलीकडं कर्नाटकातल्या औरादला. जायच्या आधी आवाज भरून ठेवायचा, असं तिघींनी ठरवलं. टेप गौरम्माच्या भावाचा, मन्मथचा. तो म्हणाला, "टेप देतो, पण एक बाजू माझी." त्याच्या बाजूला त्यानं उदगीरच्या दुकानातून सिनेमातली गाणी भरून आणली. दुसरी बाजू मुलींची.

त्या दुपारी सिंधु त्या घराच्या आतल्या खोलीत पहिल्यांदा आली. गौरम्माच्या आईनं एकदा दाराकडं पाहिलं आणि ती पुन्हा कामाला लागली. अर्धा तास तिघी गायल्या. पहिली वीस मिनिटं तर गौरम्मा जवळजवळ एकटीच. पाळणा तिनं इतका हळू म्हटला की माझी फीत फिरतेय की थांबलीय, हे मलाच कळेना.

मित्रांनो, कॅसेटच्या पाठीवर दोन छोट्या चिपा असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. दुकानदारानं हे सांगितलं होतं. सिंधुनं केसातली पिन काढली आणि दोन्ही चिपा मोडल्या. "आता कुणाच्या बापाला पुसता येणार न्हाई," ती म्हणाली. टेप गौरम्माच्या घरी, म्हणून मीही तिथंच कोनाड्यात राहिले.

सहा महिन्यांनी मन्मथला जळकोटच्या सभेत भाषण करायचं होतं. टँकर वाढवा, आमचा आवाज लातूरला पोचला पाहिजे, असं काहीतरी. आपलं भाषण आपल्याला ऐकायला हवं म्हणून तो कॅसेट शोधत होता. कोरी मिळाली नाही. त्यानं मला उचललं. पाठीवरची भोकं पाहिली. ती का पाडली आहेत हे त्याला माहीत होतं. त्यानं त्यांच्यावर चिकटपट्टी लावली. आपली सिनेमातली गाणी त्याला पुसवेनात, म्हणून त्यानं मुलींची बाजू वर केली आणि सभेत लाल बटण दाबलं.

सव्वीस मिनिटं तो बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्याही माझ्यावर आहेत.

गौरम्मा तेव्हा जिवंत होती. दीड वर्षानं औरादलाच बाळंतपणात ती गेली. मुलगी वाचली. मन्मथनं मला कोनाड्यातून काढून पेटीच्या तळाशी टाकलं आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

ती मुलगी महानंदा. तेरा वर्षांची झाली आणि सुट्टीत मामाकडं आली. सिंधु आता लोह्याला शिक्षिका होती. तीही गावी आली होती. "तुझ्या आईचा आवाज हाय आमच्याकडं," तिनं पोरीला सांगून टाकलं.

"टेप बिघडलाय," मन्मथ म्हणाला.

सिंधु दुसऱ्या दिवशी आपला टेप घेऊन आली. मग कॅसेट सापडेना. महानंदानं पेटी उपसली आणि मला शोधून काढलं.

भाषण सुरू झालं. महानंदाला वाटलं, आई यानंतर येणार. ती गुडघे पोटाशी घेऊन बसली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मन्मथ उठायला लागला, तशी सिंधु म्हणाली, "बसा अण्णा. तुमचंच हाय, ऐका."

सगळं भाषण त्याला ऐकावं लागलं. टाळ्या संपल्यावर तो खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, बाळंतपणाला माहेरी येईल, तवा परत भरू."

"तसंच वाटतंय सगळ्यांना," सिंधु म्हणाली. "म्हणूनच मी चिपा मोडल्या होत्या."

शेवटची चार मिनिटं तेवढी उरली होती. त्यात तिघींनी मिळून म्हटलेलं, त्यांनीच रचलेलं एक गाणं होतं. आला टँकर, धूळ उडाली, पाणी राह्यलं उदगिरात गं. तिन्ही आवाज एकमेकांत मिसळलेले.

"मावशी, ह्यातली माझी आई कोणती?"

सिंधुनं गाणं मागं घेतलं. "ओळीच्या शेवटी ऐक. आधी पारूचा दम सुटतो. मग माझा. त्याच्यानंतर जे ऱ्हातंय ना, ती तुझी आई."

महानंदानं ऐकलं. अर्ध्या श्वासाएवढा आवाज. तिनं परत मागं घेतलं आणि परत ऐकलं. मन्मथ दारात उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही, आणि जाही म्हटलं नाही.

मित्रांनो, दर वेळी माझी फीत नेमकी तिथंच झिजते. एक दिवस तुटेल. तुमच्या घरात कुणी भाकरी थापताना, लेकराला निजवताना गुणगुणत असेल, तर ते जपा. नंतर भरू असं म्हणू नका. आणि कुणाच्या आवाजावर आपला आवाज चढवण्याआधी त्या माणसाला विचारा. 'आता जाऊ दे की,' असं मला बरेच जण सांगतात. सांगणाऱ्यानं आधी ती सव्वीस मिनिटं महानंदाशेजारी बसून ऐकावीत. मग बोलू.