लेकीने निवडलेला व्यवसाय

शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता मी वर्षानुवर्षे घरी जेवणाच्या टेबलावर या व्यवसायाची यथासांग निंदा केली: गाइड घोकणारी मुले, पुस्तकाला न शिवलेले मुख्याध्यापक. तरीही काल लेकीने जाहीर केले, की तिलाही शिक्षिकाच व्हायचे आहे.

"अक्कल गहाण टाकलीस का?" मी विचारले.

"दोन वर्षं तुझ्याच वर्गात होते ना, आई. तिथे तू काय खुलतेस. आम्हाला हसवतेस, स्वतःही हसतेस. घरी नुसती करवादतेस."

नवरा भाजी वाढून घेण्यात कमालीचा गुंतला.

"म्हणून जन्म फुकट घालवणार?"

"मलाही कुठेतरी तसं हसायचंय."

तिला परावृत्त करणारे युक्तिवाद माझ्याकडे ढीगभर आहेत. पण आज पहिल्या तासाला मुले हसली, मीही हसले, आणि ती दारात उभी असल्यासारखी दचकून गप्प झाले.