बेलभंडार कोणी उचलायचा

सात समुद्रांपलीकडे कुठेतरी लढाई जुंपली आणि वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव चढला की माणसांची डोकी फिरली. भातकुलीजवळच्या पेढी नदीकाठच्या या गावातही तेच झालं. ज्याला त्याला कापूस पेरायचा होता. बांध नांगरले, परसं नांगरली, कुंपणावर भोपळ्याचा वेल चढवायलाही कोणी जागा ठेवली नाही. मग एक दिवस मुंबईच्या व्यापाऱ्याचा दलाल आला आणि त्याला गावाची पोहण्याची बावडीच हवी झाली. कापसाच्या गंज्या तिथे रचायच्या, आग लागली तर पाणी हाताशी हवं, म्हणून बावडीसकट जागा कुंपणात घालायची. तसं उघड म्हणायची त्याला लाज वाटली असावी. त्याने तहसीलदाराकडे अर्ज दिला, की बावडी खोल आहे, लेकरांच्या जिवाला धोका आहे, ती गावाला बंद करावी.

गाव पेटलं, आणि का पेटू नये? निम्मी शेतं नदीपलीकडे. श्रावणात बाया तण निंदायला पलीकडे जात आणि परतताना पेढीला कधी लोंढा येईल याचा नेम नसे. म्हणून गावाचा रिवाज होता, की बावडीत पाठीला भोपळा न बांधता तीन फेऱ्या मारल्याखेरीज पोरीला नदी ओलांडू द्यायची नाही. गेल्या साली शेजारच्या गावच्या तीन बाया वाहून गेल्या, या गावची एकही नाही.

पोरींना पोहायला शिकवायची ती गोदाबाई. नवरा पटकीत गेला तेव्हापासून दुपारची बावडी तिची. पोरीच्या पाठीला वाळका भोपळा बांधायचा, हनुवटीखाली हात धरायचा आणि तोंडाने शिव्या घालायच्या, ही तिची रीत. आया पोरी तिच्या हवाली करून निर्धास्त घरी जात.

खुशालराव पाटील तहसीलदारापुढे छाती ठोकून म्हणाला, "सायेब, आमच्या बावडीत आजवर एक मानूस मेलं नाई. म्हनान तर महादेवाच्या देवळात बेलभंडार उचलून सांगतो."

तहसीलदार म्हणाला, ठीक आहे, सोमवारी येतो, गावाने तसं शपथेवर सांगावं, अर्ज फेटाळतो. झालं, घराघरातून माणसं पुढे आली. मी उचलतो, मी उचलतो! बेलाची पानं आणि भंडारा हातात घेऊन जो खोटं बोलतो त्याचा वंश बुडतो, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण खरं बोलायला भ्यायचं कशाला?

शनिवारी दुपारी गोदाबाईने सात पोरी पाण्यात उतरवल्या. भोपळेही सातच, आणि त्यातला एक जुना, तडकलेला. नवा आणणार कुठून, वेलच उरले नव्हते. तड तिने लाखेने बुजवली होती. पण असला भोपळा दुसऱ्याच्या पोरीला कसा बांधायचा? तिने तो आपल्या कौशल्येला बांधला. आठ वर्षांची, एकुलती एक. गोदाबाई पलीकडच्या पायरीशी पाटलाच्या लेकीची हनुवटी धरून होती, तेवढ्यात लाख उकलली आणि भोपळ्यात पाणी शिरलं. बाकीच्या पोरी किंचाळल्या तेव्हा पाण्यावर कौशल्या नव्हती. गोदाबाईने तीन बुड्या मारल्या. तिसऱ्या बुडीला पोर हाती लागली, जीव गेलेला होता.

दिवस मावळायच्या आत गावाने ठरवून टाकलं. पोर नदीच्या डोहात गेली असं सांगायचं. ओल्या लुगड्यातच तिला नदीवर नेलं, काठाशी पुरलं, आणि गोदाबाईला कोणी काही विचारलं नाही. मग प्रश्न उरला बेलभंडाराचा. कालपर्यंत मी मी म्हणणारे आता पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते. खुद्द खुशालराव म्हणाला, "माह्या घरी लेकरंबाळं हायेत, बापा." जणू बाकीच्यांच्या घरी मांजरंच होती.

रविवारी सकाळी पाटलीण दुर्गाबाई गोदाबाईच्या घरी आली. तिला पोटाशी धरून रडली, खरंच रडली. मग म्हणाली, "गोदे, तूच उचल व. आमाले लेकरं हायेत. तुया वंशात आता कोन हाये बुडाले?"

असं काही एक बाई दुसरीला म्हणू शकते, हे गोदाबाईला कळायलाच वेळ लागला. राग आला, इतका की हिला उंबऱ्याबाहेर ढकलावं. पण बावडी बंद झाली तर? तर उरलेल्या सहाजणींना श्रावणात नदी गिळेल, आणि आपली पोर उगाच गेली असं होईल. शिवाय दुपार झाली की जायचं कुठे?

"उचलते," ती म्हणाली. "पोट्टी फुकट नाई जाऊ देत."

सुतकातली बाई देवळात येणार कशी, ही आणखी एक अडचण. तीही पाटलाने सोडवली. गोदाबाई पायरीखाली उभी राहिली आणि गुरवाने स्पर्श न करता वरून तिच्या ओंजळीत बेल आणि भंडारा टाकला.

तहसीलदाराने विचारलं, "बाई, तुझी पोर कशी गेली?"

"नदीच्या डोहात."

"आणि बावडीत?"

"बावडीत कोनीच मेलं नाई."

अर्ज फेटाळला गेला. दलाल बडनेऱ्याकडे दुसरी जागा पाहायला गेला, आणि लोकांनी गुलाल उधळला. दोन दिवसांपूर्वी पोर पुरलेलं हे गाव, तरी उधळला.

सुतक फिटल्यावर गोदाबाई सहा भोपळे घेऊन बावडीवर गेली. ऊन कलेपर्यंत पायरीवर बसली. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुर्गाबाई लेकीला घेऊन वाटेने जाताना दिसली. पोर पाण्याकडे ओढ घेत होती, आईने मनगट घट्ट धरलं होतं.

"उतरव व तिले," गोदाबाई म्हणाली. "डोळ्यात तेल घालून पाहीन."

दुर्गाबाई थांबली. "नाई व गोदे. खोटा बेलभंडार उचलेल हात हाये तुया. तो माह्या पोट्टीले कसा लागू देऊ?"

"कोनासाठी उचलला व म्या?"

"आमच्यासाठीच," दुर्गाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, पण लेकीला तिने ओढतच घरी नेलं.

बावडी उघडी राहिली. पुरुष सकाळी पोहत, दुपारी तिथे कोणी जात नसे. श्रावण आला, कापसात तण माजलं, हात कमी पडू लागले, आणि रिवाजाचा विषय कोणी काढला नाही. बाया निंदायला नदीपलीकडे निघाल्या तेव्हा त्यांच्या मागे सहा पोरी होत्या. पोहता एकीलाही येत नव्हतं.