चौदा ट्रॉल्या शेणखत

सकाळपासून थोरली चौथ्यांदा खालच्या तुकड्यावर जाऊन आली. मका काही तासाभरात हिरवा होत नसतो हे तिला कळत होतं, पण पाय घरात ठरतील तर ना! बांधापलीकडे धाकट्या भावाचा मका गुडघ्याला लागला होता. अलीकडे तिचा मात्र जेमतेम वीतभर, आणि खालची पानं टोकापासून पिवळी पडत चाललेली. रोज सकाळी वाटायचं, आज जरा बरा दिसतोय. ऊन वर आलं की कळायचं, कसला बरा!

पैज तिनंच लावली होती, जेवताना, सगळ्यांसमोर. "माझ्या तुकड्यात गोणीतल्या खताचा एक दाणा पडणार नाही. नुसत्या शेणखतावर मका आणून दाखवते." बाबांनी हात धुता धुता निकाल देऊन टाकला. ज्याचा मका चांगला, त्याच्या म्हणण्यानं पुढच्या हंगामात सगळी जमीन चालायची.

"ताई, तुझ्या मक्याला कावीळ झालीय," धाकटा बांधावरून ओरडला. "डॉक्टर बोलावू का?"

"तू तुझं बघ."

"माझं काय बघायचंय? ते आपलं आपण वाढतंय."

थोरलीनं एका पिशवीत माती भरली, दुसरीत उरलेल्या ढिगातलं खत, आणि तडक माती तपासणी केंद्र गाठलं.

तिथल्या बाई तिच्या आईच्या वयाच्या. त्यांनी माती बाजूला ठेवली, खत कागदावर पसरलं आणि चष्मा कपाळावर चढवून चिमूटभर बोटांत चोळलं.

"अगं, हे गोठ्यातून आणलंस की सुताराकडून?"

थोरली कागदावर वाकली. गोठेवाल्या मामांनी यंदा गाईंखाली पेंढ्याऐवजी लाकडाचा भुसा पसरायला सुरुवात केली होती. दरवर्षी दहा ट्रॉल्या निघायच्या, यंदा चौदा निघाल्या, म्हणून ती खूश झाली होती. ट्रॉल्या तिनं मोजल्या, पण आत काय आहे ते पाहिलंच नव्हतं.

"पण खत ते खतच ना? चौदा ट्रॉल्या घातल्यात मी!"

"आधी बस बघू. अशी उभ्याउभ्या ऐकशील तर डोक्यात काही शिरायचं नाही." बाईंनी स्टूल पुढे सरकवलं. "शेणातलं बरंचसं नत्र मक्याला जसंच्या तसं खाता येत नाही. मातीतले जीवाणू शेण फोडतात, तेव्हा ते मुळांना मिळतं. आता समज, तू वीस गडी कामाला बोलावलेस आणि त्यांच्यापुढे नुसता भुसा ठेवलास. भुशानं पोट भरतं, अंग भरत नाही. अंग भरायला नत्र लागतं. मग ते काय करतील?"

"घरात असेल ते खातील."

"तेच केलंय त्यांनी. मक्याच्या वाटचं नत्र खाऊन बसलेत."

"परत देणार की नाही?"

"देतील की. भुसा संपत आला की ते उपाशी मरतील आणि त्यांच्या अंगातलं नत्र मातीत सुटेल. पण तीन महिने तरी धर. ढीग आधी नीट कुजवला असतास, तर ही सगळी खादाडी ढिगातच उरकली असती."

"आणि तोवर माझा मका?"

"मका थांबत नाही. या आठवड्यात थोडा युरिया दे."

"कोंबडीखत दिलं तर?"

"तेही लवकर सुटतं. आहे कुणाकडे?"

कुणाकडेच नव्हतं. येताना वाटेत तिनं तिघांना विचारलं, चौथ्यालाही विचारून पाहिलं. शेवटी शेतात येऊन बांधावर बसली, उठली, पुन्हा बसली. अजून चार दिवस थांबून पाहावं का? खाली वाकून तिनं एक पान हातात घेतलं. काल निम्मं पिवळं होतं. आज देठापर्यंत.

ती तशीच उठली आणि घराकडे निघाली. बाबा दारात बसले होते, धाकटा फवाऱ्याची नळी साफ करत होता.

"तुझ्याकडचा युरिया हवाय. दोन बादल्या."

धाकट्यानं नळी खाली ठेवली. "म्हणजे हरलीस?"

"हो, हरले. बादल्या दे लवकर."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "थोरले, ठरलं ते ठरलं हं. पुढच्या हंगामात सगळी जमीन याच्या म्हणण्यानं."

"ठरलं, बाबा."

दुपारी दोघं बहीणभाऊ शेजारच्या ओळींत होते. बुंध्यापासून चार बोटं लांब चिमूट सोडायची, पायानं माती ओढायची, पुढं सरकायचं. थोरली इतक्या घाईनं सरकत होती की धाकटा मागे पडला. चालता चालता तिनं त्याला गड्यांची सगळी गोष्ट सांगितली.

"मग त्यांनी खाल्लेलं परत कधी सुटणार?"

"मका निघायच्या सुमाराला."

धाकटा थबकला. बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि मोठ्यानं हसला. "म्हणजे शेण वाहिलंस तू, आणि खाणार माझं पुढचं पीक!"

थोरलीचा हात बादलीतच राहिला. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पायाखाली बघ," ती म्हणाली. "रोप तुडवतोयस."