आज एकच नळी

निमगाव केतकीतला पानमळा सारजाबाईंनी नवऱ्यामागं बारा वर्षं सांभाळला होता. पानं कधी खुडायची, हे गडीमाणसं त्यांनाच विचारत. सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीत, सकाळी खुडलेली पानं टोपलीत रचताना त्यांचा जबडा एकाएकी अवघडला. डावा हात जड झाला. हवेत गारठा असूनही चोळी घामानं भिजली.

"पित्त असंल वहिनी. सोडा आणतो," दीर सर्जेराव म्हणाले.

"पित्तानं हात दुखत न्हाय, भावजी. जीप काढा."

पाऊण तासात त्या बारामतीच्या दवाखान्यात पोचल्या. डॉक्टर ज्योत्स्ना तिशीच्या, इंदापूर तालुक्यातच वाढलेल्या. कार्डिओग्रामची पट्टी बघून त्यांनी चघळायला गोळी दिली आणि सरळच सांगितलं, "मावशी, हार्टअटॅक आलाय. रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध सलाइनमधून लावते."

दीड तास झाला तरी पट्टीवरची रेघ बदलली नाही, कळही हटली नाही. ज्योत्स्नांनी पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात फोन लावला, मग सारजाबाईंच्या मुलाला, रतनला म्हणाल्या, "औषधानं काम केलं नाही. आता फुग्यानं हृदयाची बंद नळी उघडावी लागेल. मी बरोबर येते."

रुग्णवाहिकेत, सासवडच्या अलीकडं सारजाबाईंचा रक्तदाब घसरला. ज्योत्स्नांनी सलाइन जोरात सोडलं आणि मनगट हातात धरून बसल्या.

"बाई, मी जातीय का?"

"धोका आहे मावशी. पण आपण वेळेत निघालोय. तिकडं सगळे तयारीत आहेत."

सारजाबाईंनी मान हलवली. खोटा धीर दिला असता तर त्यांना लगेच कळलं असतं.

पुण्यात तपासणी झाली. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तिन्ही मुख्य नळ्यांत अडथळे निघाले. तिथले डॉक्टर बाहेर येऊन सांगू लागले तसे सर्जेराव पुढं झाले. "मग तिन्ही आजच उघडा की साहेब. बिचारीचे परत परत हाल कशाला?"

"एक पूर्ण बंद आहे, झटका तिच्यामुळंच आलाय. बाकीच्या दोन अरुंद आहेत, पण त्यांतून रक्त चाललंय. आज हृदय दमलेलं आहे, तिन्हींचा ताण त्याला झेपायचा नाही."

रतन गोंधळला. ज्योत्स्ना सरळ आत गेल्या. सारजाबाई टेबलावर जाग्या होत्या. ज्योत्स्नांनी सांगितलेलं सगळं त्यांनी ऐकून घेतलं.

"तुमची आई असती तर?"

"आज एकच उघडली असती."

"मग एकच."

फुगा फुगला तेव्हा कळ क्षणभर आणखी वाढली. त्यांनी दात आवळले. मग छातीवरचा भार उतरला, जबडा सैल झाला. "गेलं बघा," त्या म्हणाल्या. शेजारच्या मॉनिटरच्या पडद्यावर पाहत ज्योत्स्ना हसल्या. नळीतून रक्त धावत होतं.

उरलेल्या दोन नळ्यांसाठी एप्रिलमध्ये बायपास करायचं ठरलं. पण घरी आल्यावर सारजाबाईंना इतकं बरं वाटू लागलं, की सर्जेराव म्हणाले, "आता कशाला छाती कापून घ्यायची?"

"दोन नळ्या तशाच हायत, भावजी. दुखत न्हाय म्हणून त्या बऱ्या झाल्या का?"

एप्रिलमध्ये त्या बायपाससाठी परत पुण्याला गेल्या. कारकुनानं संमतीचा कागद रतनपुढं धरला. सारजाबाईंनी हात पुढं केला.

"छाती माझी हाय. पहिली सही माझी. त्याची खाली घ्या."

प्रौढांच्या वर्गात शिकलेली अक्षरं त्यांनी सावकाश काढली.

ऑपरेशन पाच तास चाललं. पायातली शीर काढून अरुंद नळ्यांना वळसा दिला. तिसऱ्या दिवशी त्या रतनचा हात धरून चालल्या, चौथ्या दिवशी हात सोडून.

ऑगस्टमध्ये बारामतीला ज्योत्स्नांनी तपासलं. ठोके नीट होते, जखम भरली होती. फक्त मळ्यातल्या शिडीवर चढायला मनाई होती.

"दोन महिन्यांनी या, मावशी."

"पानं खुडायची असली तर चार दिवस उशिरानं यीन," सारजाबाई म्हणाल्या आणि पदर खोचून एसटी स्टँडकडं निघाल्या.