उपासाच्या फळीवरचा ग्लास

मित्रांनो, उंच, कमरेत बारीक आणि बुडाशी जाडजूड असा मी फालुद्याचा एक जुना ग्लास आहे. भट्टीतून निघालो तेव्हा म्हणे लालबुंद होतो. आता मला गरमही कळत नाही आणि गारही.

सत्त्याऐंशी साली मी डोंबिवलीला, मानपाडा रोडवरच्या प्रभाकरकाकांच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात आलो. काय थाट होता आमचा! तळाशी सरबत, त्यावर फुगलेला सब्जा, कॉर्नफ्लोअरची मऊ शेव, गार दूध आणि डोक्यावर आइस्क्रीमचा गोळा. गुलाब सगळ्यांत जास्त खपायचा, त्याखालोखाल केशर-पिस्ता. हिरवागार वाळा हौशी लोकच मागायचे, आणि मे महिन्यात आंब्यापुढे कुणाचंच चालायचं नाही. शेव पाडायच्या काकांच्या बायको, मंदाकिनीकाकू. सोऱ्यातून बर्फाच्या पाण्यात सरसर उतरणारी शेव बघायला शाळा सुटली की पोरं दारात गर्दी करायची.

पण माझा मान वेगळा. मी उपासाच्या फळीवरचा. कॉर्नफ्लोअर उपासाला चालत नाही, म्हणून चतुर्थीला काकू शेवेऐवजी मोठा साबुदाणा शिजवून घालायच्या. ते काचेसारखे दाणे चमच्यात नुसते थुलथुलायचे. त्यासाठी आम्ही ग्लासही निराळे, शेवेला कधी न शिवलेले.

मग एका पावसाळ्यात काकू तापाने गेल्या. दुकान पुन्हा उघडलं, पण काका नुसते हात चालवायचे. बरं आहे ना, विचारलं की 'हो'. फालुदा अगोड झालाय म्हटलं, तरी 'हो'. गिऱ्हाईक तुटायला लागलं. धाकटे भाऊ आनंद म्हणाले, गाळा एसटीडी बूथला देऊन टाकू. काका त्यालाही 'हो' म्हणाले. त्यांची नववीतली मुलगी उत्तरा तेवढी अडून बसली, आईचं दुकान बंद करायचं नाही म्हणून. पण तिचं ऐकतंय कोण?

बूथवाला बघायला येणार होता, नेमकी त्या दिवशी अंगारकी. मासे कुणी घेत नव्हतं, म्हणून आवडाबाई कोळीण पाटी लवकर उचलून आमच्याकडे येऊन टेकली. चतुर्थीला दुपारी तिला काकूंचा फालुदाच लागायचा. काकांनी मला फळीवरून काढलं, भरलं आणि तिच्यापुढे ठेवलं. तिने चमचा घातला, तर वर आली लांबच लांब शेव.

मला काही वाटलं नाही. काचच मी. पण काकांनाही काही वाटलं नाही. ते नुसते शेवेकडे बघत उभे राहिले.

आवडाबाई ओरडली नाही. चमचा तसाच खाली ठेवून तिने विचारलं, "परभाकरशेट, तू सोता कधी खाल्लास रं यातला?"

काकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "मला चवच लागत नाही हो. ती गेल्यापासून कशालाच नाही."

"मंग पोरीला इचार की. तिची जीभ हाय ना जागेवर."

शाळा सुटून आलेली उत्तरा आतच होती, तिने साबुदाणा चढवला. मी तर बाटलो होतो, तिने फळीवरचा दुसरा ग्लास घेतला. आवडाबाई बसून राहिली. भरून झाल्यावर उत्तराने वाटीत थोडंसं काढून चाखलं आणि म्हणाली, "बाबा, सरबत कमी पडलंय." काकांनी सरबत ओतलं. "आता?" त्यांनी विचारलं. तेवढ्यात आनंदकाका बूथवाल्याला घेऊन दारात आले. काकांनी मान वर केली नाही.

"आज नको," ते म्हणाले. "उद्या शेव पाडायचीय."

काकांची चव परत आली का? मी तरी पाहिली नाही. ते हसायलाही लागले नाहीत. पण रोज पहिला चमचा ते उत्तरापुढे धरायचे आणि ती काय म्हणते याची वाट बघत थांबायचे.

मी त्या दिवसापासून रोजच्या ग्लासांत गेलो. आता काठाला टवका उडालाय, प्लॅस्टिकच्या ग्लासांमागे उपडा पडून असतो. मित्रांनो, माझ्यासारख्याला एकदम कढत पाण्यात टाकू नका, तडकतो आम्ही. आणि घरात कुणी नुसतेच हात चालवत असेल, तर 'बरं आहे ना' एवढं विचारून निघून जाऊ नका. शेजारी उभे राहा, एक घास खा आणि काय कमी पडलंय ते त्याला रोज सांगत जा.